उंबरठा

उंबरठ्यावर उभं राहू नये, आई म्हणते.
शिंकू नये, काही देऊ-घेऊ नये.
आत ये, नाहीतर बाहेर जा.

नेसरगी सर म्हणतात, तिथंच राहा.
वीस मिनिटं.

येळ्ळूरच्या वेशीतून गडाचा चढ सुरू होतो.
सकाळचे साडेपाच, भात कापून झालेलं,
पिंजराच्या व्हळ्या अंधारात म्हशींसारख्या बसलेल्या.
सर मागून लुनावर. दिव्याचा पिवळा ठिपका
माझ्या टाचांना हुंगत येतो.
"माताडु," ते म्हणतात. "बोल की गं. काल काय जेवलं?"

भात, आमटी, सुकटीची चटणी आणि भावजयीनं आणलेलं
कुंदा, तोही जरा जळकाच, असं सगळं सांगितलं
तर सर म्हणतात, हे फिरायला आलंय.
नुसतं "हं" निघालं
तर म्हणतात, हे मरतंय आता.
भात.
आमटी.
सुकट.
एवढं निघालं, मध्ये एकेक श्वास टाकून,
की लुना गप्प होते.
हां. हेच. हितंच ऱ्हा.

भावकाण्णा मात्र देवळापासूनच सुटतो,
तिसऱ्या वळणावर कठडा धरून ओकतो
आणि खाली उतरताना बायकोला फोन लावतो:
आज बी पैला.

मी उद्यमबागेत कास्टिंग तपासते, दुसरी पाळी.
भट्टीवरचा गौसमामू काच डोळ्याला लावतो न लावतो,
रसाचा रंग बघून म्हणतो, अजून नाही.
मग, अजून नाही.
मग एकदम, ओत.
त्या दोन 'अजून नाही'च्या मध्ये
किती रंग असतात, ते मला गडावर कळलं.
मांडीत मिरची पेटते, पण आधण उतू जात नाही.
तीन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर,
आणि मोजणं.
एक, दोन, तीन, चार, मी मराठीतच सुरू करते.
अकराव्या मिनिटाच्या आसपास ऐकते तर
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
कुणी बदललं, कुठल्या वळणावर, माहीत नाही.
हरकत घ्यायला श्वास नसतो.

पावसाळ्यात गडाची वाट शेवाळते.
मग गोवावेशीला, टायरच्या दुकानावर,
महिना चारशे रुपये, आणि तो पट्टा.
चढ सात, वेग नऊ.
समोर आरसा, आरशात मी, माझ्यामागे
वजनं उचलणारी पोरं, जी आधी बघायची
आणि आता बघत नाहीत.
गडावर वळण आलं की वाऱ्याची एक झुळूक
उधार मिळते.
पट्टा उधार देत नाही.
तो कंटाळत नाही, दमत नाही, शाबासकी देत नाही.
पायाखालून सगळा गड ओढून घेतो
आणि मला टायरच्या वासातच ठेवतो.
एकदा सतराव्या मिनिटाला लाईट गेली.
पट्टा थांबला, मी थांबले नाही.
कपाळ आरशावर.
खाली उतरले तर फरशीच मागे सरकायला लागली,
दाराची चौकट धरून उभी राहिले,
एक पाय आत, एक बाहेर.
कुणी ओरडलं नाही.

आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार.
घड्याळात वीस मिनिटं पुरी झाली, तरी सर बोलेनात.
एकवीस. बावीस.
गडाचा दरवाजा दिसायला लागला,
त्याचा दगडी उंबरा, मधोमध झिजलेला.
मागं लुनाच नव्हती.
पेट्रोल संपलं असेल, किंवा सर कुठे चहाला वळले असतील,
किंवा तेही मोजत होते, त्यांच्या जागी.
मी स्वतःलाच म्हटलं, बोल.
काल काय जेवलीस?

भाकरी.
झुणका.
आणि तिसरा शब्द आठवेना,
पण त्याची जागा राखून
मी पळत राहिले.

घरी आले. आई दारात तांब्या घेऊन.
हात पुढे केला, तिनं तांब्या मागे घेतला.
आत ये आधी.
मी बोट वर केलं.
एक मिनिट.