अनुभवाचा दाखला

गुरुवार. भोसरीत वीज नाही, शटर अर्धं वर.
नागनाथ घोंगडे आत आला
आणि मी न सांगता खुर्चीवर बसला.
"सर, एक पत्र लागेल. लेटरहेडवर."

मला वाटलं, कर्जासाठी.
किंवा मुलीच्या शाळेला.

नाही. तिकडे. कायमचं.
कुणी बोलावलंय का? नाही.
तिथली कुठली कंपनी, हमी घेणारी? नाही, सर.
वयाचे पंचवीस, इंग्रजीचे दहा,
हाताला जे येतं त्याचे पंधरा,
उज्ज्वलाच्या परीक्षेचे पाच,
असं जोडत जोडत जायचं.
चोवीस तारखेला चाळीस पूर्ण झाले की दहा गळतात.
वाढदिवसाला माणसाची किंमत उतरते
हे त्यानं सांगितलं
कूलंटची पातळी सांगावी तसं.

तेव्हा कळलं, डब्याच्या सुट्टीत
ग्राइंडरमागे कानात वायर घालून
हा काय पुटपुटायचा.
आम्ही समजायचो, भजनं.

पत्रात काय हवं तेही होतं त्याच्याकडे:
हुद्दा. आठवड्याचे तास. पगार.
आणि केलेलं काम, एकेक.

पाठकोरा कागद घेऊन बसलो.
डाय बसवणं. पंच घासणं.
ड्रॉइंग चुकलंय हे
ड्रॉइंगवाल्याच्या आधी ओळखणं.
हे लिहावं का? लिहिलं.
चाकणहून परत आलेला लॉट
रात्रभर जागून दोन मायक्रॉननं वाचवणं.
त्या रात्रीचे तास कुठल्या आठवड्यात धरू?
अकरा वर्षं नुसतं "नागनाथ, बघ रे जरा" म्हणत आलो,
त्या बघण्यात इतक्या ओळी होत्या.

मग हुद्दा.
मस्टर काढलं.
माझंच अक्षर, निळी शाई, दर महिन्याला
हेल्पर. हेल्पर. हेल्पर.
शेजारी त्याची सही, न चुकता.
किती वाचले माझे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक.
तो मस्टरकडे बघत नव्हता.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

टूलमेकर, मी लिहिलं.
आणि उद्या कुणी फोन करून
हे खरं की ते खरं विचारलं, तर म्हणून खाली:
रजिस्टरातली नोंद माझी, आणि चुकीची.
सीए ओरडेल. ओरडू दे.

एकदा हात सुटला की सुटतो.
आणखी एक ओळ घातली:
"सहा जणांच्या कामावर देखरेख."

त्यानं वाचलं, ओळीखाली नख धरून,
मायक्रोमीटर वाचतो तसा एक डोळा बारीक करून.
"सर, सहा नाही. तिघं.
गोट्याला धरलं तर साडेतीन."

तीन केले.
लेटरहेडवर फेअर केलं.

शिक्का वाळून गेलेला. तोंडाची वाफ दिली,
दोनदा उठवला, कारखान्याचं नाव अर्धंच आलं.
चालेल म्हणाला.

घडी न घालता फाइलीत ठेवलं,
उठला. वीज नाही, सुट्टीचा दिवस,
तरी जाता जाता ग्राइंडरच्या बेडवरून
तळहात फिरवला,
कुठे गंज धरतोय का बघितलं,
आणि तेलाचा डबा कुठे ठेवलेला असतो
ते मला दाखवलं.