ओहोटीचं दुखणं

एर्सिलिया नावेल्किन, वय एकोणसाठ.
काम : किनाऱ्यावरचं शेवाळ गोळा करणं.
फाइल तिच्या मनगटाहून जाड.
पान तीनवर गॅस,
पान सातवर पाळी जाण्याचं वय,
पान अकरावर संशय डाव्या बीजकोशाचा,
पान बारावर तो काढला.
पान चौदावर दुखणं तसंच.
मग कुणीतरी लिहिलंय, नवरा बुडाला तेव्हापासून,
आणि त्याखाली झोपेच्या गोळ्या.

तीनदा भरती केलं तिला कास्त्रोच्या इस्पितळात.
दुखणं ओहोटीचं होतं.
पाणी मागे सरलं की ती चिखलात उतरते,
ओलं शेवाळ पोत्यात, पोतं कमरेवर,
आणि चढ चढताना डावीकडे, बेंबीच्या जरा खाली,
एका बोटाएवढ्या जागी काहीतरी धरतं आणि सोडत नाही.
आमची वेळ सकाळी दहाची.
लाँच, बस, रांग,
ती टेबलावर आडवी होईपर्यंत
पोट मुकाट. हाताला काही लागत नाही.

मीही दोनदा लिहिलंय, विशेष काही नाही.
खाली सही माझी.

तिसऱ्यांदा जेल पोटावर ओतलं तेव्हा
ती छताकडे बघत म्हणाली,
"मी आडवी पडून शेवाळ काढत नाही, डॉक्टर."

मग तिला उभं केलं.
पोतं नव्हतं, म्हणून सलाइनच्या बाटल्यांचं खोकं दिलं कमरेवर.
"खोका."
ती खोकली,
आणि पडद्यावर, पोटाच्या उभ्या स्नायूच्या कडेला,
जिथं चंद्रकोरीसारखी एक रेघ असते,
दोन सेंटिमीटरची फट उघडली.
आतड्याचा एक वेढा तीतून आला
आणि वरच्या पदराखाली दडून बसला.
वरचा पदर शाबूत.
म्हणून सात वर्षं कुणाच्या बोटांना तो सापडला नाही.

स्पिगेलियन हर्निया, मी म्हटलं.
चारशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचं नाव आहे ते.
तिनं मान वळवून पडदा पाहिला.
"कोटाचा खिसा फाटला की नाणं अस्तरात जातं.
बाहेरून कोट धड.
चाललं की टोचतं.
एवढंच तर सांगत होते."

डॉक्टर बारियांनी तीन छोट्या भोकांतून जाळी बसवली.
"मासे धरायची?" तिनं विचारलं, भूल चढण्याआधी.
तशीच, बारीक विणीची.
सहा आठवडे ओझं नाही.
पाचव्या आठवड्यात ती घाटावर दिसली,
रिकाम्या हातानं, नणंदेला ओरडत,
की तसं नाही, मुळापाशी कापू नकोस, पुन्हा यायला हवं ते.

आता माझ्या खोलीत पाच लिटर पाण्याचा एक कॅन असतो.
झाडणारा रोज विचारतो, हा ओतून देऊ का?
नको.
उचलताना दुखतं म्हणणारी प्रत्येक बाई
आधी उभी राहते, कॅन उचलते, मग मी बघायला लागते.

माझ्या जुन्या दोन अहवालांखाली
तारीख घालून दुरुस्ती लिहिली.
पान बाराला
दुरुस्तीची जागा नाही.