मुळाशी खड्डा

दात आधी जिभेला लावायचा, मुळाकडून.
साधा दगड असेल तर जीभ सुटते,
हाड असेल तर धरून ठेवतं.
हे बापाने शिकवलं, मी आठ वर्षांची असताना,
वेद झेमच्या बाजारामागे, फॉस्फेटच्या धुळीत बसून;
आणि आई ओरडली होती,
पोरीला माती चाटायला लावतोस!

आता टेबलावर दिवा आहे, भिंग आहे,
तापवायला सुई आहे.
सुई दगडात खुपसली आणि गोंदाचा वास आला
तर समजायचं, दगड गेल्या आठवड्यातला.
दात मात्र जुना असू शकतो. खोट्यात खरं
असंच बसवतात आमच्याकडे.
चुलतभाऊ बूअज्जा त्यात वाकबगार :
सहा जनावरांचे सहा दात, एका जबड्यात, ओळीने.
दाखवायचे दात.
गिऱ्हाईक कागदात गुंडाळून विमानात नेतं.
मी काही बोलत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

आज बापाने पिशवीतून हा काढला.
म्हणाला, मोसासॉर.
त्याला सगळंच मोसासॉर असतं,
जसं आईला प्रत्येक दुखणं म्हणजे नजर.

मी फिरवून बघते.
मोसासॉरचा दात खुंटीसारखा, दणकट,
पुढे एक धार, मागे एक धार,
नख फिरवलं की कळते.
याला धार नाही.
याला रेघा आहेत, बारीक, उभ्या,
टोकाकडे जाताना विरलेल्या,
ओल्या मातीवरून कुणी कंगवा ओढावा तशा.
सडपातळ, वाकलेला,
आडवा कापला तर चकती जवळजवळ गोल निघेल.
फाडायला नाही. निसटता मासा अडकवायला.
मगर? मगरीच्या दाताला कडा असते.
पुन्हा बघते. नाही, कडा नाही.

वहीत लिहिते : प्लेसिओसॉर
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.
बूअज्जा खांद्यावरून वाचतो :
अगं, हे दुर्मीळ, चौपट मिळतील, तेवढं चिन्ह खोड!
मी खोडत नाही.

मग दात उलटा धरते.
मूळ नाही.
मुळाच्या जागी खड्डा, वाटीएवढा गुळगुळीत,
म्हणजे मुंगीच्या वाटीएवढा.
तुटलेला असता तर काठ चरचरीत लागला असता.
हा तुटला नाही.
खालून नवा येत होता, त्याने याचं मूळ हळूहळू विरघळवलं
आणि एके दिवशी, बहुधा घास घेतानाच,
हा सुटला, गाळात गेला,
आणि तो लांब मानेचा पोहत पुढे निघून गेला.

इतकी वर्षं मी दात हातात घेतला
की मनात एक प्रेत आणत होते.

माझा पहिला दात पडला तेव्हा
गच्चीवरून सूर्याकडे फेकला होता :
गाढवाचा घे, हरणाचा दे.
सूर्याने दिला तो तपकिरी डागांचा.
आमच्या विहिरींची ही खोड. दर्मूस म्हणतात.
बापाचे तसेच, आईचे तसेच,
हसताना वरचा ओठ खाली ओढून घेणं
अर्ध्या गावाच्या अंगवळणी पडलेलं.
खुरिब्गाची डॉक्टरीण म्हणाली, फ्लोराइड, खडकातून पाण्यात येतं.
तेच या दातातही मुरलंय, सात कोटी वर्षं,
आणि इथे त्याला झळाळी म्हणतात,
झळाळीचे वेगळे पैसे पडतात.

बाप विचारतो, काय मग, रकिया?
मोसासॉर नाही, मी म्हणते.
त्याचा चेहरा उतरतो. मग विचारतो,
मेला कसा असेल?
माहीत नाही. हा पडला त्या दिवशी तरी मेला नाही.

तो दात परत घेतो, दिव्याखाली धरतो,
खड्ड्यात करंगळीचं नख घालून बघतो,
आणि हसतो. ओठ ओढून घ्यायचा विसरतो.

कुठल्या थरात सापडला, मी विचारते.
ते त्याने पाहिलं नाही. यंत्र मागे लागलं होतं.
मी वहीत तेवढी जागा कोरी ठेवते.
पिशवीत अजून चाळीस आहेत.