कानखुणा

फेरो बेटांच्या दक्षिण टोकाला, त्वोरॉइरीच्या वाचनालयात,
बंदराकडच्या खिडकीशी बसून
अकरा हिवाळे मी एकच पान लिहीत आलो:
आमच्या मेंढ्यांच्या कानखुणा.
कुठल्या घराची मेंढी, डाव्या कानाला कुठे चीर,
उजव्याचं टोक छाटलेलं की कडेला खाच.

दोन चौकोनी कंस उघडले की गावाला वाट फुटते.
तीन लटकते स्वल्पविराम दोन्हीकडून, की शब्द जाड.
उभी रेघ घराला घरापासून तोडते,
आणि शेवटचा महिरपी कंस मिटायचा राहिला
तर अख्खं कोष्टक
दोरीवरच्या कपड्यांसारखं वाऱ्यावर जातं.

छापखान्यात वाढलेला माणूस मी.
शिशाची अक्षरं उलटी वाचत म्हातारा झालो.
मला खुणा दिसाव्या लागतात.
खूण दिसत नसेल, तर कळप कुणाचा?

मग रान्वा आली, नवी ग्रंथपाल,
आणि तिने एक बटण आणलं.
आता म्हणे कंस नकोत.
पान दिसतं तसंच लिहायचं.
जाड हवं? निवडा, दाबा, झालं.
कानामागून आली आणि तिखट झाली,
मी मनात म्हटलं.
तिने कॉफी पुढे केली. मी ती घेतली.

गुरुवारी मालान आली, एक्याऐंशीची, सांद्वीकहून बसने.
ओला कोट खुर्चीवर, चष्मा कपाळावर.
कंस तिने जन्मात पाहिला नव्हता.
कान पाहिले होते, चार हजार तरी,
गुडघ्यांत धरून, बोटांनी चाचपून.
रान्वाने बटण दाबलं
आणि मालान एका बोटाने कोष्टकात शिरली,
शेजारच्या कुरणात शिरावं तशी.
"हे चूक," म्हणाली. "हेही."
नऊ ठिकाणी.
नववं घर माझ्या आजोबांचं.
"खाच पुढून नाही, दॉन्याल. मागून.
मी धरलीत त्याची कोकरं."

अकरा वर्षांत माझा एकही कंस उघडा राहिला नव्हता.
माणसं यायची,
फाटकावरचं ते कुलूप बघायची
आणि आल्या पावली परत जायची.
मला वाटे, चूकच नाही
म्हणून कुणी बोलत नाही.

रात्री घरी पान उघडलं, सवयीने, आतल्या बाजूने.
बटणाने गबाळ केलंच होतं:
रिकामे दोन टॅग,
एक अनाथ उभी रेघ
मालानच्या बोटाखालून सांडलेली.
ती उचलली.
खाच मागेच राहू दिली,
तिने ठेवली तिथे.

मग ती चौकट येते,
बदलाचं कारण लिहायची.
बराच वेळ बसून होतो.
"कानाला खडा" असं लिहिलं, पुसलं.
लिहिलं:
किरकोळ सफाई.