वाऱ्याची उधारी

पावाची टोपली उचल, रुअरी, नकाशा मावत नाही.
तो चहाचा डाग नाही, लॉख शिन आहे.
डाग त्याच्या शेजारी आहे.

तुझ्या फोननं काढलेली रेघ पाहिली मी.
सुबक आहे. टेनहून लेर्ग, तिथून उत्तरेला टंग,
किनाऱ्यानं डर्नेस, मग वळून घरी.
तीनशे किलोमीटर, वीस तासांच्या आत.
फोनला वारा लागत नाही, एवढंच.

एकतीस वर्षं टपालाची लाल गाडी हाकली मी इथं.
कुठल्या वळणावर गाडीचं दार हातातून निसटतं
ते मला दारानंच शिकवलंय.
वारा बहुतेक नैऋत्येचा. म्हणून उलटं जायचं.
आधी शिनच्या काठानं, तोंडावर झोडपून घेत,
पाय ताजे असताना, शिव्या ताज्या असताना.
वाऱ्याची उधारी सकाळीच फेडून टाकावी.
दुपारी डर्नेस सोडलं की तोच पाठीवर हात ठेवतो,
जणू सकाळी कुणी दुसराच होता.

एरिबोल मात्र कुणाच्याच हिशेबात बसत नाही.
पाण्यापलीकडे रस्ता दिसतो,
त्यावरची मेंढी मोजता येईल इतका जवळ,
आणि तिथं पोचायचं तर अख्खी खाडी चालत आत जा,
टोकाला वळ, अख्खी खाडी परत ये.
पहिल्या वर्षी मी गाडीत बसूनसुद्धा रडले होते.
सायकलवर रडू नकोस.
चष्म्यावर वाफ धरते.

आता कपडे.
हा तराजू पिठाखेरीज पहिल्यांदाच काही तोलतोय.
लोकरीची बंडी, एकशे नव्वद ग्रॅम. राहू दे.
सुती काहीही नको. सूत भिजलं
की नकोशा पाहुण्यासारखं अंगावर बसून राहतं.
मोज्यांवर पावाच्या पिशव्या. हसू नकोस,
माझी बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत.
टपालखात्याचं जाकीट, सहाशे चाळीस.

"फार जड," तू म्हणालास,
आणि कांद्याच्या सालीसारखं तुझं ते जाकीट
मुठीतून काढून दाखवलंस.
मुठीत मावणाऱ्या छपरावर माझा विश्वास नाही.
पण गुडघे सहासष्ट वर्षांचे आहेत, आणि ते तुझ्या बाजूचे.
काल रात्री बसून अस्तर उसवलं.
आतले खिसे कापले, मग बिल्ला काढला.
त्याच्याखालचा चौकोन अजून लालभडक होता,
बाकीचं कधी विटकरी झालं कळलंच नाही.
तेवढ्यावर चमकती पट्टी शिवली,
समोरून येणाऱ्या लाकडांच्या ट्रकांसाठी.
आता चारशे दहा.

वळणांची यादी मागितलीस, अंतरांसकट.
अंतरं पाठ नाहीत मला. पेट्या पाठ आहेत.
गनबाईंची पेटी, झाकण गंजलेलं, तिथं डावीकडे.
मग मॅकाय. मग दुसरे मॅकाय,
जे पहिल्यांशी कुंपणावरून बोलत नाहीत.
मग एक पेटी जिच्यामागे आता घरच नाही,
तिथून उतार, ब्रेक जपून, खाली गुरांची जाळी आहे.
तू सगळं टाइप केलंस.
फोनला मॅकाय चालले नाहीत.
शेवटी कागदावरच लिहिलं, हँडलला रबरानं बांधायला.

टंगचं दुकान आपल्यासाठी थांबणार नाही.
ओटची बिस्किटं दोघांची दोन वेगळी बांधलीत,
कारण तू पुढे जाशील.
चोविसाव्या वर्षी पुढेच जावं.

फक्त अल्टनाहाराला थांब.
रात्रीचे नऊ वाजले असतील, जूनचा उजेड असेल,
उजेडावर जाऊ नकोस.
ती खळगी आहे, चहूकडची थंडी तिथं उतरून बसते.
हातमोजे तिथं बदल.
ओले खिशात कोंबू नकोस.
बंडीच्या आत घाल, पोटाशी,
टेन येईपर्यंत अर्धे वाळतात.
पावसात पत्रं मी तशीच नेत असे.