दुभाषीचं सर्वनाम

डार्बीच्या हॉस्पिटलात काउंटरवरची मुलगी म्हणते,
'तुम्ही यांच्या केअरर ना? बसा.
दुभाषी यायची आहे अजून.'
मी बसते. मॅव्हिस खुणेनं विचारते, काय म्हणाली?
मी सांगते, दुभाषीची वाट बघा म्हणाली.
एकोणऐंशीव्या वर्षी मॅव्हिस हसते
ती खुर्चीसकट हसते.
मग आम्ही दोघी खरंच
थोडा वेळ माझी वाट बघतो.

कोर्सला आम्ही बारा होतो.
चहाच्या सुट्टीत अकरा जणी एकमेकींना
कुत्र्यांची नावं विचारत,
आणि मला माझ्याच नावाचं स्पेलिंग.
पहिल्या दिवशी एक कागद मिळाला:
कपडे साधे, रंग गडद, शक्यतो काळा,
म्हणजे हात उठून दिसतात.
कुणाचे हात, ते कागदावर नव्हतं.
दागिने नकोत, हे होतं.
हातच्या काकणाला आरसा कशाला, आई म्हणायची.
काकणं पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली
आणि आरसे चारी भिंतींना,
सरावासाठी.
त्यांत काळ्या ब्लाउजपुढे माझे सावळे हात
दिवेलागणीला अंगणात राहिलेल्या भांड्यांसारखे
अर्धेमुर्धे दिसायचे.
दोन वर्षं कुणी काही बोललं नाही.
सगळे फार सभ्य.

मॅव्हिसनं पहिल्याच भेटीत सांगितलं,
बहिऱ्यांच्या रोखठोकपणानं:
तुझे हात दिसत नाहीत मला. जा, बदलून ये.
बॅगेच्या तळाशी पिस्ता रंगाचा कुडता होता,
लग्नाआधीचा, खांद्यात जरा घट्ट.
आजही तोच आहे अंगात.

डॉक्टर विचारतात, मॅव्हिसचे हात चालतात,
मी बोलते:
'मला रात्री झोप येत नाही.
माझा नवरा फेब्रुवारीत गेला.'
माझा नवरा या क्षणी
बर्टन रोडवर बस चालवतोय.

इंग्रजीत हे खपतं.
तिथला 'आय' धर्मशाळेसारखा, कुणीही उतरावं.
मराठीत 'मी' म्हटलं की क्रियापद लगेच चुगली करतं,
बाई की बुवा.
गेल्या महिन्यात कोर्टात एका गवंड्यासाठी
दिवसभर सांगत होते, मी तिथे नव्हतो, मी तिथे नव्हतो.
रात्री आईला फोनवर म्हणाले, 'मी दमलो गं.'
पलीकडे काहीच नाही.
मग हळूच, 'दमलो? कोण बोलतंय?'

शुक्रवारी डेफ क्लबात सभा.
काउन्सिलचा माणूस आलाय,
इमारत विकायची आहे हे
अतिशय मऊ शब्दांत सांगतोय.
मॅव्हिस उठते.
बोलता बोलता तर्जनी हवेत फिरवते.

या भाषेत 'वी' म्हणजे बोटानं काढलेलं वर्तुळ;
बोट ज्याच्यापर्यंत पोचेल तो आत.
इतकी वर्षं ते माझ्या अलीकडून वळायचं.
मी मनात म्हणायचे, आम्ही.
तोंडानं, वी.
आणि ते बरोबरच होतं.
ही भाषा बोलली म्हणून शाळेत
तिच्या बोटांवर पट्टी बसली, माझ्या नाही.
मी तासाचे पैसे घेते.

आज बोट डोरीनवरून, क्लाइव्हवरून,
किटली धरून उभ्या पोरावरून येतं,
माझ्या गुडघ्यापाशी घुटमळतं,
वळत नाही.
मला घेऊन पुढे जातं.

आपण.

काउन्सिलचा माणूस माझ्या तोंडाकडे बघतोय,
वाक्य अजून आलेलं नाही.
दुभाषीनं मधे येऊ नये, असा नियम आहे.
मी घसा साफ करते.
'वी,' मी म्हणते.
इंग्रजीत तेवढाच शब्द आहे.

तो वहीत लिहून घेतो.