जवस

डॉक्टर म्हणाल्या, पडद्यावर बघ,
बीजकोशाच्या कडेने कशी मोत्यांची माळ.
मला ती बेडकाची अंडी वाटली.

तेव्हापासून फ्रिजच्या डोक्यावर
शतावरीची बाटली, पुदिन्याच्या चहाचा डबा.
रात्री भिजवलेल्या मेथ्या सकाळी बुळबुळीत.
पाटणच्या मावशीने अशोकाची साल धाडली,
तिचा काढा असा
की जीभ दोन तास कोणाशी बोलत नाही.

गोळ्या सोडू नकोस, डॉक्टरांनी बजावलं,
पाला-साल काय ते मला विचारून घे.
मी मान हलवली.
हनुवटीवरचा एक केस नेमका तेव्हाच बोटाला लागला.

दादांना कोणी काही सांगितलेलं नाही.
ते तुर्भ्याच्या मसाला मार्केटात पोती वाहतात,
घरी येतात तेव्हा शर्टाला धण्याचा वास,
कधी मिरचीचा ठसका, आणि आम्ही सगळे शिंकतो.
काल जेवताना टीव्हीकडे बघतच म्हणाले,
"ते जवस... भाजून खातात का कच्चं?"

आई आमटी वाढता वाढता थांबली.

ओट्यावर कापडी पिशवी, तोंड सुतळीने आवळलेलं.
पोत्यातून सांडलेलं, झाडून आणलेलं नाही.
आत गाळ्याची पावती आहे,
पाच किलो, रोख.

पाळी येऊन चौसष्ट दिवस झाले.
कोपरखैरण्याच्या या दीड खोलीत
मी जवस भाजतेय.
तडतडतंय.
एखादा दाणा कढईबाहेर उडी घेतो,
सापडत नाही.

बाहेरून दादा म्हणतात,
करपवू नकोस.